न्यायमूर्ती ॲलन पेज: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ॲलन पेज म्हणजे फुटबॉलवाले की कोर्टातले?

दोन्ही एकच. 1967 ते 1981 अशी पंधरा वर्षं ते अमेरिकन फुटबॉलमध्ये व्यावसायिक खेळाडू होते, आधी मिनेसोटा व्हायकिंग्जकडून आणि शेवटची काही वर्षं शिकागो बेअर्सकडून. त्यानंतर 1993 ते 2015 ते मिनेसोटा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती होते. त्या न्यायासनावर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय. अमेरिकेत प्रत्येक राज्याचं स्वतःचं सर्वोच्च न्यायालय असतं. साऱ्या देशाचं, वॉशिंग्टनमधलं सर्वोच्च न्यायालय वेगळं, त्यामुळे तो घोळ मनातून आधीच काढून टाकलेला बरा.

खेळ सोडल्यावर राजकारणात गेलेले किंवा समालोचक झालेले खेळाडू आपण पुष्कळ पाहिलेत. कायद्याचा रीतसर अभ्यास करून, वकिली करून, निवडून येऊन बावीस वर्षांहून अधिक काळ निकालपत्रं लिहिणारा खेळाडू मात्र मला दुसरा ठाऊक नाही. म्हणून हे पान.

अमेरिकन फुटबॉल मला कळत नाही. त्यांची जागा कोणती होती, सोप्या भाषेत सांगाल?

कबड्डी डोळ्यांसमोर आणा. चेंडू हातात घेतलेला संघ चढाई करतो, समोरचा संघ त्याला अडवतो. चढाई करणाऱ्यांना चार प्रयत्नांत दहा यार्ड, म्हणजे नऊ मीटरहून थोडं जास्त, पुढे सरकायचं असतं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही तर चेंडू गेला. दोन्हीकडे अकरा-अकरा माणसं. चढाईचा सूत्रधार तो क्वार्टरबॅक. मधला खेळाडू वाकून दोन पायांमधून चेंडू मागे त्याच्या हातात देतो आणि त्याच क्षणी सगळं मैदान एकमेकांवर कोसळतं.

पेज होते बचावाच्या पहिल्या फळीत, आतल्या बाजूला. त्या जागेला डिफेन्सिव्ह टॅकल म्हणतात. समोर त्यांच्याहून वजनदार माणसांची भिंत, आणि ती फोडून क्वार्टरबॅकला चेंडू फेकायच्या आत जमिनीवर पाडायचं. असं पाडण्याला सॅक म्हणतात.

पेज यांची उंची साधारण 193 सेंटिमीटर, वजन 111 किलोच्या आसपास. आपल्याला हे प्रचंड वाटतं, पण त्या जागेसाठी ते हलकेच होते. त्यांची ताकद होती ती पहिल्या पावलात. चेंडू हलला की समोरचा भिडू कंबर सरळ करायच्या आत पेज त्याच्या बगलेतून पुढे निघालेले असत. जुन्या चित्रफिती मिळाल्या तर चेंडूकडे पाहू नका, व्हायकिंग्जच्या 88 क्रमांकाच्या जर्सीवर नजर ठेवा. फळीतले बाकीचे तिघे अजून उठत असतात आणि हा माणूस पलीकडे पोचलेला असतो.

त्यांचं बालपण कुठे गेलं?

ओहायो राज्यातल्या कँटन गावात. जन्म 7 ऑगस्ट 1945. चार भावंडांत ते धाकटे. कँटन हे पोलादाच्या कारखान्यांचं गाव. शाळा संपली की कारखान्यात कामाला लागायचं, ही तिथल्या मुलांची ठरलेली वाट. तेच ते, मळकट आणि धोक्याचं काम आपल्याला करायचं नाही, हे लहानपणीच मनाशी ठरवल्याचं पेज यांनी पुढे सांगितलं आहे. शिकलं तरच इथून सुटका, ही घरातली शिकवण. ते किशोरवयात असतानाच आई गेली, पण आईवडिलांनी शिक्षणाला दिलेली किंमत त्यांनी आयुष्यभर सोडली नाही.

वकील व्हायचं हे चौथीतच डोक्यात आलं होतं. 1954 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राउन’ खटल्यात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या वेगळ्या सरकारी शाळा घटनाबाह्य ठरवल्या, तेव्हा पेज जेमतेम आठ वर्षांचे होते. न्यायालयाच्या कागदावरचे शब्द माणसाचं जगणं बदलू शकतात, ही जाणीव त्या काळातली.

फुटबॉल त्यानंतर आला. हा क्रम ध्यानात ठेवा, कारण त्यांच्याबद्दल लिहिताना बहुतेक जण तो उलटा करतात. कायदा हा खेळानंतरचा उद्योग नव्हता. फुटबॉलच मध्ये आला, पंधरा वर्षं राहिला आणि गेला.

प्रो फुटबॉल हॉल ऑफ फेमच्या बांधकामावर त्यांनी काम केलं होतं, ही गोष्ट खरी आहे का?

खरी आहे. व्यावसायिक फुटबॉलमधल्या थोर खेळाडूंचं हे स्मारक-संग्रहालय कँटनमध्येच आहे आणि ते 1963 साली उघडलं. बांधकाम चालू होतं तेव्हा पेज शाळेत होते आणि तिथे मजुरीला जात. पंचवीस वर्षांनी, 1988 साली, त्याच वास्तूत त्यांचा अर्धपुतळा बसला.

महाविद्यालयात ते कोणत्या संघात होते?

इंडियाना राज्यातल्या नोत्र दाम विद्यापीठाच्या. प्रशिक्षक होते आरा पार्सेगियन. 1966 साली हा संघ राष्ट्रीय विजेता ठरला. त्याच मोसमात मिशिगन स्टेटशी 10-10 बरोबरीत सुटलेला सामना आजही लोक आठवतात. पेज यांनी पदवी घेतली राज्यशास्त्रात. 1967 च्या खेळाडू निवडीत पहिल्याच फेरीत, पंधराव्या क्रमांकावर, व्हायकिंग्जने त्यांना घेतलं.

‘पर्पल पीपल ईटर्स’ म्हणजे कोण?

व्हायकिंग्जचा जांभळा गणवेश घालणारी बचावाची पहिली फळी: कार्ल एलर, जिम मार्शल, गॅरी लार्सन आणि ॲलन पेज. पुढे लार्सन यांच्या जागी डग सदरलँड आले. ‘भेटू या क्वार्टरबॅकपाशी’ हे त्यांचं घोषवाक्य. चौघांपैकी जो आधी पोचेल त्याने पाडायचं, बाकीच्यांनी मागून यायचं.

व्हायकिंग्जचं घरचं मैदान, ब्लूमिंग्टनचं मेट्रोपॉलिटन स्टेडियम, उघड्यावर होतं आणि मिनेसोटाचा डिसेंबर म्हणजे हाडं गोठवणारा. प्रशिक्षक बड ग्रँट यांनी आपल्या बाकांजवळ शेगड्या ठेवायला बंदी घातली होती. समोरचा संघ शेगडीभोवती हात शेकत उभा, आणि इकडे हे लोक तसेच थंडीत. पाहुण्या संघाचं अर्धं अवसान तिथेच गळत असावं, असं मला वाटतं.

1971 च्या पुरस्काराचं एवढं काय?

त्या वर्षी असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने पेज यांना एनएफएलचा, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचा, सर्वांत मौल्यवान खेळाडू ठरवलं. हा मान सहसा क्वार्टरबॅकला किंवा चेंडू घेऊन पळणाऱ्याला मिळतो. बचावातल्या खेळाडूला तो मिळण्याची ही पहिलीच वेळ. त्यानंतर बचावपटूंपैकी तो मिळाला एकालाच, 1986 साली लॉरेन्स टेलर यांना. सर्वोत्तम बचावपटूचा पुरस्कारही 1971 मध्येच सुरू झाला आणि त्याचेही पहिले मानकरी पेज.

आपल्याकडच्या क्रिकेटमध्ये फलंदाजांचे फलक लागतात आणि गोलंदाज मागे राहतो. त्यावरून या मानाचं वजन समजून घ्या.

त्यांचे आकडे?

सलग 218 सामने, एकही न चुकवता. त्यातले 160 व्हायकिंग्जसाठी, 58 बेअर्ससाठी. दुखापत नेमाने होणाऱ्या खेळात, सगळ्यांत जास्त धक्के बसणाऱ्या जागेवर, पंधरा मोसम. प्रतिस्पर्ध्यांच्या 28 किक त्यांनी अडवल्या. प्रो बोल या निवडक खेळाडूंच्या सामन्यासाठी सलग नऊ वर्षं निवड झाली. सॅकची अधिकृत मोजणी एनएफएलने 1982 पासून सुरू केली, म्हणजे ते निवृत्त झाल्यावर. नंतर जुन्या नोंदी तपासून अभ्यासकांनी त्यांच्या नावावर 148.5 सॅक मोजले.

सुपर बोल जिंकला का?

नाही. व्हायकिंग्ज चार वेळा अंतिम सामन्यात पोचले आणि चारही वेळा हरले: जानेवारी 1970 मध्ये कॅन्सस सिटीकडून, 1974 मध्ये मायामीकडून, 1975 मध्ये पिट्सबर्गकडून आणि 1977 मध्ये ओकलंडकडून. मिनेसोटात हा विषय आजही जपून काढावा लागतो.

खेळाडूंच्या संघटनेत त्यांचं काम काय होतं?

या भागाला मिळायला हवं तेवढं महत्त्व मिळालेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

1970 पासून बरीच वर्षं ते संघटनेत व्हायकिंग्जच्या खेळाडूंचे प्रतिनिधी होते आणि काही काळ कार्यकारी समितीवरही. तेव्हा एनएफएलमध्ये ‘रोझेल नियम’ होता. समजा, खेळाडूचा करार संपला आणि तो दुसऱ्या संघात गेला. कागदोपत्री तो मोकळा. पण नव्या संघाने जुन्या संघाला भरपाई द्यायची, आणि ती किती हे ठरवायचं लीगच्या आयुक्तांनी. भरपाई म्हणून आपला कोणता चांगला खेळाडू जाईल याचा नेम नसल्यामुळे दुसऱ्याच्या खेळाडूला हात लावायला संघ कचरायचे. खेळाडू नावाला मोकळा, प्रत्यक्षात दावणीला बांधलेला.

जॉन मॅकी हे खेळाडू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याविरुद्ध खटला भरला. वादींमध्ये पेज यांचंही नाव होतं. 1976 साली अपील न्यायालयाने हा नियम मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग करतो असा निकाल दिला. आज खेळाडू करार संपल्यावर कोट्यवधी डॉलरच्या बोल्या लावून संघ बदलतात, त्या वाटेवरचा हा मोठा टप्पा. पेज तेव्हा स्वतः खेळत होते. ज्या मालकांकडून पगार घ्यायचा त्यांच्याविरुद्ध कोर्टात उभं राहायला छाती लागते.

खेळता खेळता कायद्याची पदवी? ते कसं जमलं?

पहिल्यांदा जमलं नाही. कारकिर्दीच्या सुरुवातीला त्यांनी एका रात्रीच्या विधी महाविद्यालयात नाव घातलं आणि काही आठवड्यांत सोडून दिलं. पुढे 1975 मध्ये मिनेसोटा विद्यापीठाच्या विधी शाखेत प्रवेश घेतला आणि 1978 साली पदवी मिळवली. मधल्या सगळ्या मोसमांत ते व्हायकिंग्जसाठी खेळत होते, जानेवारी 1977 चा सुपर बोल धरून. रविवारी मैदानात अंग ठेचून घ्यायचं आणि आठवड्यात करार कायदा वाचायचा.

नोकरी करून रात्रीच्या कॉलेजात एलएलबी केलेली माणसं आपल्या ओळखीत असतात. डोळे चोळत पान उलटणं म्हणजे काय, ते त्यांना विचारा.

व्हायकिंग्जने त्यांना काढून का टाकलं?

धावण्यामुळे, असं थोडक्यात म्हणता येईल. त्यांची पत्नी डायेन सिगारेट सोडायची म्हणून धावायला लागल्या. ॲलनही सोबत निघाले आणि मग थांबलेच नाहीत. लांब पल्ल्याचं धावणं म्हटलं की वजन उतरणारच. ते सव्वादोनशे पौंडांच्या, म्हणजे साधारण 102 किलोंच्या आसपास आलं. आतल्या फळीतल्या खेळाडूला एवढं वजन पुरणार नाही, असं संघाचं म्हणणं पडलं. 1978 च्या मोसमात सहा सामने झाल्यावर त्यांना सोडण्यात आलं आणि बेअर्सने त्यांना शंभर डॉलरचं नाममात्र शुल्क भरून घेतलं.

शंभर डॉलर! सात वर्षांपूर्वी हाच माणूस देशातला सर्वांत मौल्यवान खेळाडू होता. त्याच कमी वजनानिशी ते शिकागोत आणखी 58 सामने खेळले आणि तेव्हाही क्वार्टरबॅक पाडत राहिले. संघाचा हिशेब चुकला, असं माझं स्पष्ट मत आहे.

1979 साली त्यांनी 42 किलोमीटरची मॅरेथॉन पुरी केली. एनएफएलमध्ये खेळत असताना मॅरेथॉन पूर्ण करणारे ते पहिले खेळाडू. त्याच वर्षी मिनेसोटातल्या मिनियापोलिस शहरातल्या एका विधी संस्थेत वकिलीही सुरू झाली.

न्यायमूर्ती निवडून येतात हे कसं?

आपल्याकडे न्यायाधीशांची नेमणूक होते, त्यामुळे हा प्रश्न हमखास येतो. मिनेसोटाच्या राज्यघटनेनुसार न्यायाधीश सहा वर्षांसाठी लोकांकडून निवडले जातात. मधेच जागा रिकामी झाली तर राज्यपाल नेमणूक करतात. म्हणून बरेच न्यायाधीश मुदतीच्या आधी निवृत्त होतात आणि निवडणूक नावापुरती उरते.

पेज 1985 पासून राज्याच्या ॲटर्नी जनरलच्या, म्हणजे मुख्य सरकारी वकिलाच्या, कार्यालयात काम करत होते. 1992 साली त्यांनी सर्वोच्च न्यायालयाच्या एका जागेसाठी उभं राहायचं ठरवलं. त्या जागेवरच्या न्यायमूर्तींची मुदत राज्यपाल आर्नी कार्लसन यांनी वाढवली, म्हणजे निवडणूकच होणार नव्हती. पेज कोर्टात गेले. ज्या न्यायालयात बसायचं त्याच न्यायालयाच्या दारात, मतदारांचा हक्क मागायला. निकाल त्यांच्या बाजूने लागला, निवडणूक झाली आणि ते जिंकले. जानेवारी 1993 मध्ये शपथ घेतली. पुढे 1998, 2004 आणि 2010 मध्ये पुन्हा निवडून आले. सत्तर हे तिथल्या न्यायाधीशांचं सक्तीच्या निवृत्तीचं वय, म्हणून ऑगस्ट 2015 मध्ये पायउतार झाले.

न्यायमूर्ती म्हणून कोणतं प्रकरण गाजलं?

2008 ची सिनेट निवडणूक, म्हणजे अमेरिकी संसदेच्या वरच्या सभागृहातल्या मिनेसोटाच्या एका जागेसाठीची. मुख्य लढत नॉर्म कोलमन आणि अल फ्रँकन यांच्यात. एकूण जवळपास 29 लाख मतं पडली आणि पहिल्या मोजणीत कोलमन फक्त 215 मतांनी पुढे. फेरमोजणीत फ्रँकन 225 मतांनी पुढे गेले आणि प्रकरण कोर्टात आलं. मुख्य न्यायमूर्ती स्वतः फेरमोजणीच्या मंडळावर बसले होते, त्यामुळे त्यांनी बाजूला होणं भाग होतं. जबाबदारी पेज यांच्याकडे आली. सुनावणीसाठी तीन न्यायाधीशांचं पीठ त्यांनीच नेमलं. पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील आलं तेव्हा पीठाच्या अध्यक्षस्थानीही तेच होते. 30 जून 2009 रोजी पाचही न्यायमूर्तींनी एकमताने फ्रँकन यांच्या बाजूने निकाल दिला. शेवटचा फरक होता 312 मतांचा. एवढं तापलेलं प्रकरण आणि निकालात एकही भिन्नमत नाही. हारलेल्या बाजूने त्याच दिवशी पराभव मान्य केला.

पेज एज्युकेशन फाउंडेशन काय करतं?

याचं मूळ व्हायकिंग्जच्या एका बैठकीत आहे, असं पेज सांगतात. बचाव फळीच्या प्रशिक्षकांनी डावपेचांची पुस्तिका मोठ्याने वाचायला सांगितली. एकेकाची पाळी आली आणि लक्षात आलं, की काही जणांना वाचताच येत नाही. ही माणसं शाळा आणि कॉलेज पार करून आलेली होती. खेळतात छान, म्हणून कोणीतरी त्यांना दरवर्षी पुढच्या वर्गात ढकललं होतं. डोक्याने ती मुळीच कमी नव्हती, अवघड डाव क्षणात ओळखायची. फक्त त्यांना वाचायला शिकवण्याची तसदी कोणी घेतली नव्हती.

1988 साली हॉल ऑफ फेमच्या समारंभात आपली ओळख करून द्यायला खेळाडू सहसा जुन्या प्रशिक्षकाला बोलावतात. पेज यांनी बोलावलं मिनियापोलिसच्या एका शाळेच्या मुख्याध्यापिका विलरीन बीझ्ली यांना. आपल्या भाषणातही ते फुटबॉलपेक्षा शिक्षणावरच अधिक बोलले. त्याच वर्षी ॲलन आणि डायेन यांनी हे फाउंडेशन काढलं. मिनेसोटातल्या कृष्णवर्णीय आणि इतर अल्पसंख्य समाजांतल्या विद्यार्थ्यांना पुढच्या शिक्षणासाठी ते शिष्यवृत्ती देतं. अट एकच, आणि ती मला फार आवडते: शिष्यवृत्ती घेणाऱ्याने वर्षाला निदान 50 तास लहान मुलांना शिकवायचं. पहिलीतल्या पोराच्या शेजारी बसून त्याच्या बोटाबरोबर आपलं बोट ओळीवरून फिरवायचं. आजवर हजारो विद्यार्थी यातून शिकले.

त्यांची करंगळी वाकडी का आहे?

खेळताना ती पुन्हा पुन्हा निखळली आणि शेवटी काटकोनात वळलेलीच राहिली. शाळेत गेले की मुलांची नजर आधी तिथेच जाते. मग शिक्षिका असलेली मुलगी कॅमी आणि ॲलन यांनी मिळून त्या करंगळीवरच मुलांसाठी पुस्तक लिहिलं. मुलांना हॉल ऑफ फेमचं अप्रूप नसतं, पण असं बोट त्यांनी कधी पाहिलेलं नसतं. पेजही हात लपवत नाहीत, पुढे करतात.

त्यांच्या नावाची शाळा आहे ना?

हो, मिनियापोलिसमध्ये. आधी तिला अलेक्झांडर रॅमसे यांचं नाव होतं. मूळ रहिवासी डकोटा लोकांना नष्ट करा किंवा राज्याबाहेर कायमचं हाकला, असं 1862 साली म्हणणारे हे राज्यपाल. नाव बदलावं यासाठी विद्यार्थ्यांनीच पुढाकार घेतला आणि 2017 मध्ये शाळा ‘जस्टिस पेज मिडल स्कूल’ झाली. नावात ‘जस्टिस’ आहे, जर्सीचा क्रमांक नाही, हे मुलांना बरोबर कळलं.

राष्ट्राध्यक्षांकडून कोणता सन्मान मिळाला?

प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम, 16 नोव्हेंबर 2018 रोजी. त्या दिवशी पदक घेणाऱ्यांत रॉजर स्टॉबॅकही होते. डिसेंबर 1975 मध्ये डॅलसच्या याच क्वार्टरबॅकने शेवटच्या अर्ध्या मिनिटात पन्नास यार्डांची फेक करून व्हायकिंग्जला घरच्या मैदानावर 17-14 असं हरवलं होतं. अशा शेवटच्या क्षणीच्या लांब फेकीसाठीचा ‘हेल मेरी’ हा शब्द त्या फेकीमुळेच सगळ्यांच्या तोंडी बसला. त्या दिवशी पेज त्यांच्यासमोरच्या फळीत होते.

या आनंदाला डायेन नव्हत्या. सप्टेंबर 2018 मध्ये त्यांचं निधन झालं होतं. गुलामगिरीच्या काळापासूनच्या वस्तू या दांपत्याने वर्षानुवर्षं जमवल्या होत्या. कृष्णवर्णीयांसाठी वेगळी प्रतीक्षागृहं दाखवणाऱ्या पाट्या त्यात आहेत, आणि लिंकन यांच्या अंत्ययात्रेच्या वेळचा एक फलकही. त्याच वर्षी मिनियापोलिसच्या मध्यवर्ती ग्रंथालयात या वस्तूंचं प्रदर्शन भरलं होतं.

निवृत्तीनंतर ते काय करतात?

2020 साली त्यांनी मिनियापोलिस फेडरल रिझर्व्हचे, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या तिथल्या विभागाचे, अध्यक्ष नील काश्कारी यांच्याबरोबर मिनेसोटाच्या राज्यघटनेत दुरुस्ती सुचवली: दर्जेदार सरकारी शिक्षण हा प्रत्येक मुलाचा मूलभूत हक्क ठरावा. त्यावर शिक्षक संघटनांसह अनेकांचे आक्षेप आले आणि वादही झाला.

आणि ट्विन सिटीज मॅरेथॉन. ऑक्टोबरातल्या त्या रविवारी मिनियापोलिसच्या तळ्यांकाठी धावणाऱ्यांना रस्त्याच्या कडेला सूसाफोन वाजवणारा एक उंच गृहस्थ अनेक वर्षं दिसत आला आहे. सूसाफोन म्हणजे अंगाभोवती वेढा घालून डोक्यावर मोठं पितळी तोंड उघडणारं बँडमधलं वाद्य. उरलेले मैल मोजत पळणाऱ्या कित्येकांना पुढे गेल्यावर कोणीतरी सांगतं, की ते न्यायमूर्ती पेज होते.